घरचे अठ्ठेचाळीस ठोके

"पोरी, जो बोंबलतं त्याची चिंता नको करू. जो गप हाय, त्याचेकडं बघ."

दामाजीमामा हे बोलला तेव्हा मंजुळा त्याने आणलेली सुकट डब्यात भरत होती. अर्धं लक्ष मुक्ताकडे होतं. सात महिन्यांची मुक्ता नुकती रांगू लागलेली, हाताला लागेल ते थेट तोंडात. मामा बाळकुमहून डोंबिवलीला आला होता तो एवढ्याचसाठी, की भाचेजावई सायकलवरून हिमालयात चाललाय म्हणजे नेमका कुठे चाललाय, ते एकदा कळावं. भाचेजावई मोहने गावी कामावर गेलेला. मग मामाने भाचीलाच समोर बसवलं आणि धाकूची गोष्ट काढली.

धाकू त्याचा धाकटा भाऊ. ती गोष्ट मंजुळाने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की आता ती ऐकू येत नसे. ओहोटीला खाडीच्या चिखलात दोघे रुतले. एक बारकासा गडी, तो जिवाच्या आकांताने ओरडत होता. होडीतल्यांनी आधी त्याला ओढून काढलं. धाकू अंगापिंडाने सगळ्यांत दांडगा. तो म्हणाला, मी ठीक हाय, त्याला बघा. तेवढ्यात भरती लागली, आणि धाकू तिथेच राहिला.

"मामा, ती खाडी होती. हा डोंगर आहे," मंजुळा म्हणाली. "आणि आम्ही सगळं शास्त्राप्रमाणे करतोय. हे बघ."

तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. चौकोन पाडलेला कागद, खाली तारखा, डाव्या बाजूला आकडे आणि नव्वदच्या आकड्यावरून आरपार गेलेली एक लाल रेघ. मामाला वाचता येत नव्हतं, पण रेघ दिसत होती.

"ही कं? भरतीची निशानी?"

"तसंच समज. ठोके हिच्यावर गेले की चढायचं नाही. थांबायचं."

"सगल्यांना येकच रेघ?"

"हो."

"उंचाला नि बुटक्याला बुरवायला सारखंच पानी लागतं कं गो?"

याला मंजुळा काय म्हणाली असती कोण जाणे. तेवढ्यात मुक्ताने मूठभर सुकट तोंडात कोंबली. ती काढता काढता मामाचा प्रश्न तिथेच पडून राहिला. चहा पिऊन मामा गेला.

ही गोष्ट चौऱ्याण्णवच्या जुलैतली.

मंजुळा बी. एस्सी. झालेली. प्राणिशास्त्र तिचा विषय. बाळकुमच्या त्यांच्या आळीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी तीच. तिचा नवरा कान्हा कल्याणचा, खाडीकाठच्याच घरातला, मोहन्याच्या कारखान्यात फिटर. डोंबिवलीहून मोहन्याला तो रोज सायकलने जायचा-यायचा, आणि रविवारी लोक झोपलेले असताना निघून मुरबाडच्या रस्त्याने माळशेजचा घाट चढून रात्रीच्या जेवायला घरी हजर. त्याच्यासोबत दोघे. एक पोपट, नगरपालिकेत कारकून. नकाशे, वेळापत्रकं, शिट्टी, सगळं त्याच्याकडे. दुसरा रघु, टपाल खात्यात टपाल वेगळं करणारा. जिथे जाईल तिथल्या पोस्टात शिरायचं आणि एका कोऱ्या कार्डावर त्या गावचा शिक्का मारून घ्यायचा, हा त्याचा नाद. घाटात रघु सगळ्यांत शेवटी असायचा. त्याची धाप पुढच्या वळणावर ऐकू यायची. बाकीचे त्याला धापाड्या म्हणत.

"अरे धापाड्या, इंजिन आलं म्हणून लोक फाटक बंद करतील!" कान्हा वरून ओरडायचा.

"तुम्ही व्हा पुढे," रघु खालून म्हणायचा, "मी... बघत बघत... येतो."

तिघांनी मनालीहून लेहला सायकलने जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांना घोर होता तो रघुचा. मंजुळालाही. तिने कॉलेजची वही काढली, वाचनालयातून दोन पुस्तकं आणली आणि तिघांना घरी बसवून समजावलं. वर गेल्यावर प्राणवायू संपत नाही, हवाच विरळ होते. वाटेतलं केलाँग दहा हजार फुटांवर. तिथल्या एका श्वासात डोंबिवलीच्या श्वासाच्या साधारण दोन-तृतीयांश प्राणवायू. बारालाचाच्या खिंडीत, सोळा हजारांवर, निम्म्याहून जेमतेम जास्त. मग हृदय काय करणार? फेऱ्या वाढवणार.

"म्हणजे सायकल तीच, गिअर तोच," ती म्हणाली, "पण वेग पडणार आणि ठोके चढणार. नुसतं पडून असलात तरी चढणार. चारसहा दिवस दमाने घेतलं की शरीर जुळवून घेतं, ठोके पुन्हा उतरायला लागतात. ज्याचे उतरत नाहीत, उलट चढतच जातात, त्याने तिथेच थांबायचं."

"वहिनी, एकच आकडा द्या," पोपट म्हणाला. "तिथे डोकं चालत नाही म्हणतात. रोज घरचे ठोके वजा करणं वगैरे नको."

तिने तिघांची नाडी मोजली. रघु ऐंशी. पोपट सहासष्ट. कान्हा अठ्ठेचाळीस. पोपट म्हणाला, "अरे, तू जिवंत आहेस ना?" त्यावर सगळे हसले. इतकी वर्षं सायकल मारून कान्हाचं हृदय दणकट झालेलं. एका ठोक्यात इतरांच्या दीड ठोक्यांचं काम. मंजुळाला त्या अठ्ठेचाळीसचा मनातून अभिमान होता. आणि मग, पोपटला सोपं पडावं म्हणून, तिने नव्वदवर एकच लाल रेघ ओढली. रोज सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठायच्या आधी, पूर्ण एक मिनिट मोजायचं. रेघेखाली असलात तर चला. रेघेवर असलात तर बसा.

निघताना कान्हा मुक्ताचा पापा घेऊन म्हणाला, "आईवर लक्ष ठेव गं. माझ्यापेक्षा हिचेच ठोके वाढणारेत."

यात तथ्य होतं. मंजुळा काळजीखोर म्हणून बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होती. मुक्ता जरा जास्त झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरायची. एका आठवड्यात तीनदा डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "बाई, पोरगी ठणठणीत आहे. तुम्हालाच काहीतरी देऊ का?" कान्हा तिला लाडाने चौकीदारीण म्हणायचा.

फोन खालच्या कलावतीबाईंकडे होता. मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला त्यांनी जिन्यातून हाक मारली, "मंजुळा, अगं धाव, केलाँग!"

लाइनीत खरखर होती. आवाज पोपटचा.

"वहिनी, सगळं ओके. काल संध्याकाळी पोचलो. रोहतांगची खिंड एक नंबर! कान्हा तर असा चढला, ट्रकवाले टाळ्या वाजवत होते. उद्या पुढे. पहाटेच निघणार होतो, पण या रघुला पोस्ट उघडल्यावर शिक्का पाहिजे. म्हणजे दहा वाजले."

"आकडे सांगा."

"माझे ऐंशी. रघुचे ब्याण्णव, रेघेच्या वर. म्हणून आज त्याला झोपवून ठेवलाय. रात्रभर कण्हत होता, डोकं दुखतंय, मळमळतंय, काय विचारू नका. कान्हाचे सत्त्याहत्तर. एकदम नॉर्मल, पुस्तकातल्यासारखे."

"त्यांना द्या ना."

मध्ये थोडी खरखर. मग कान्हा. "हॅलो. मुक्ता कशीय?"

"छान आहे. तुम्ही?"

"मी ठीक." खोकला. "धूळ फार आहे इथे. रघुचं बघायला पाहिजे."

"जेवताय ना?"

"हो." परत खोकला. "ठेवतो."

मंजुळा जिना चढून वर आली ती हलकी होऊन. सत्त्याहत्तर. बहात्तरच्या आसपास म्हणजे नॉर्मल, हे शाळेपासून घोटलेलं. तिने तक्त्यावर तीन टिंबं दिली. रघुचं टिंब लाल रेघेच्या वर गेलं. तिला त्याच्या आईची कणव आली. भात लावला, मुक्ताला खिमटी भरवली आणि थोपटत बसली.

मुक्ता झोपली. सवयीने मंजुळाचा तळवा तिच्या छातीवर गेला, दुसऱ्या हातावरच्या घड्याळावर नजर. एकशे अठरा. छान. झोपेतल्या बाळाला अगदी योग्य. आणि उगाचच तिच्या मनात आलं, एवढे ठोके झोपेत माझे पडले असते तर कलावतीबाईंनी रिक्षा बोलावली असती. हिला मात्र हे बरोबर. ज्याचं त्याचं...

तळवा तिथेच राहिला.

ती उठली. चालू आणि जुनी कॅलेंडरं उलटी केली. प्रत्येक महिन्याच्या पाठीमागे तिने पेन्सिलने कान्हाचे सकाळचे ठोके लिहिलेले, दोन वर्षांचे. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास. ताप आला होता तेव्हासुद्धा एकसष्ट. सत्त्याहत्तर कुठेच नव्हता.

रघु ऐंशीचा ब्याण्णव झाला. बारा वाढले. पोपटचे चौदा. कान्हाचे एकोणतीस. घरच्यापेक्षा निम्म्याहून जास्त वाढले, आणि तेही पडल्या पडल्या. त्यात तो खोकला. आणि ज्या माणसाला रोहतांग चढल्यावर अर्धा तास बोलायला हवं होतं, त्याने पाचसहा वाक्यांत फोन ठेवला. त्याला बोलायचं नव्हतं असं नाही, बोलायला श्वास पुरत नव्हता. छातीत पाणी धरायला लागलं की आधी हेच होतं, हे तिने वाचलेलं होतं, अधोरेखित केलेलं होतं. रघु कण्हत होता म्हणून सगळे रघुच्या उशाशी बसले होते.

रेघ तिची होती. तिच्या हाताने, तिच्या पट्टीने ओढलेली. उद्या दहा वाजता कान्हा त्या रेघेखालून सोळा हजार फुटांकडे निघणार होता.

कलावतीबाईंकडे जाऊन तिने केलाँगचा नंबर मिळतो का पाहिलं. फोन तिथल्या एका बूथवरून आलेला, नंबर कुणी विचारलाच नव्हता. "तार करते," ती म्हणाली.

"तार?" कलावतीबाईंनी छातीला हात लावला. "अगं, तार बघून तिथे त्यांची काय अवस्था होईल! आणि आवडाबाईंना कळलं कल्याणला, तर सासूबाई तुझ्या आत्ताच हंबरडा फोडतील. त्यानं दहा वर्षं वाट बघितली ना या दिवसाची? बायकोच्या तारेपायी माघारी आला म्हणून जन्मभर चिडवतील त्याला."

"चिडवू देत."

"आणि काही नसलं तर? तुझं आपलं नेहमीचंच असलं तर?"

हा घाव वर्मी बसला. मंजुळा पायरीवर क्षणभर थांबली. खरंच, आपलं नेहमीचंच असलं तर? माळशेज चढताना ज्याच्या डोळ्यांत दिवाळी असते, त्या माणसाला आपण भीतीपोटी दारातून परत फिरवतोय का? तिने स्वतःलाच विचारलं, मुक्ताच्या वेळी माझ्या हातात काय असायचं? नुसती धास्ती. आत्ता काय आहे? दोन वर्षांचे आकडे. तिने मुक्ताला कलावतीबाईंच्या मांडीवर दिलं आणि छत्री घेऊन निघाली.

तार ऑफिसात खिडकीमागे एक चष्मेवाला बाबू होता. तिने फॉर्म सरकवला. त्याने वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, परत वाचला.

"बाई, अठ्ठेचाळीस, सत्त्याहत्तर. हे काय? आकडा लावताय का?"

"काय?"

"मटका. ओपन-क्लोज. असल्या तारा आम्ही घेत नाही."

"अहो, ती नाडी आहे! माझ्या मिस्टरांची!"

"नाडी तारेने?" मागून कुणीतरी हसलं.

मंजुळाने छत्री खिडकीला टेकवली आणि सांगितलं. तिथल्या तिथे, रांगेसमोर, जसं तिघांना सांगितलं होतं तसं. विरळ हवा, घरचे ठोके, तिथले ठोके, खोकला. बाबूने ऐकता ऐकता नकळत स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. मग फॉर्म ओढला.

"खाली आणा असं लिहू का? तुम्ही 'तिथेच ठेवा' लिहिलंय."

"तिथेच." हा विचार तिने रस्ताभर केला होता. "केलाँगहून मनालीला उतरायचं तर आधी रोहतांग चढून यावं लागतं. पुढेही चढ, मागेही चढ. ते खड्ड्यात बसलेत. हलवायचं नाही."

बाबूने मान डोलावली. "तातडीची करतो. पण पत्ता? हॉटेल माहीत आहे?"

"रघु. केअर ऑफ पोस्टमास्तर, केलाँग," मंजुळा म्हणाली. "जगात कुठेही असला तरी दहा वाजता तो पोस्टात असणार."

तार अशी गेली: कान्हाचे घरचे अठ्ठेचाळीस. सत्त्याहत्तर धोका. रेघ माझी चूक. चढू नका. उतरू नका. डॉक्टर दाखवा.

बुधवारी दुपारी बारापर्यंत मंजुळाने काय काय केलं ते तिला आठवत नाही. कलावतीबाई सांगतात, की एकच दुपटं तिने चारदा धुतलं. त्या स्वतः फोनजवळून हलल्या नाहीत, देवालाही तिथूनच हात जोडले.

साडेबाराला फोन वाजला. रघु होता. धापत होता.

"वहिनी, आलो पळत. तार मिळाली. शिक्का मारायला गेलेलो, तर पोस्टमास्तर म्हणाले, रघु तूच का?"

"ते कुठे आहेत?"

"इस्पितळात. ऑक्सिजन लावलाय. ऐका, घाबरू नका. मी तार घेऊन गेलो तर हा सायकलवर टांग टाकून उभा. मी दाखवली. म्हणतो, तिला सवय आहे, चल. पोपट म्हणाला, अरे रेघेखाली आहे ना तो! मला काय सुचेना. मी त्याच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली आणि पंप पोस्टमास्तरांच्या टेबलाखाली टाकून आलो."

"रघु!"

"मग काय करणार? माझ्यावर धावून आला, वहिनी. चार पावलं आला असेल. तिथेच खाली बसला. ओठ निळे. तेव्हा सगळ्यांना कळलं. डॉक्टरांनी नळी लावून छाती ऐकली, म्हणाले, पाणी धरायला लागलंय. आज वर गेला असता तर..." रघुने धाप टाकली. "ते म्हणाले, हलवलं नाहीत हे बरं केलंत. चारपाच दिवस इथेच. मग त्यांच्या गाडीतून सिलिंडरसकट रोहतांग पार करून देतील."

"तुमचं डोकं?"

मग तो हसला. "कुणीतरी विचारलंत. उतरलं. आज पंच्याऐंशी."

कान्हा परत आला तेव्हा तीन किलोनी उतरलेला आणि पहिले दोन दिवस गप्प. लेह राहिलं होतं. कलावतीबाई म्हणाल्या होत्या तसं चिडवणारे भेटलेच. कारखान्यात एक जण म्हणाला, काय रे, बायकोने तारेला बांधून आणला? त्या संध्याकाळी कान्हाने भिंतीवरचा तक्ता काढला. मंजुळाला वाटलं, फाडतोय. त्याने तो जमिनीवर पसरला, रबराने लाल रेघ खोडायला गेला, पण शाई होती, निघेना. मग त्याने कागद उलटा केला.

"तीन रेघा मार," तो म्हणाला. "माझी खाली मार. पुढच्या वर्षी परत जाऊ. दमादमाने." जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, "मला माहीत होतं गं. आदल्या दिवसापासून श्वास पुरत नव्हता. पण रघु एवढा ओरडत होता, मला काही बोलायची लाज वाटली."

ते ऐकलं आणि मंजुळाला सुकटीचा वास आला. घरात सुकट नव्हती; मामाने आणलेली केव्हाच संपली होती.

पुढच्या रविवारी मुक्ताला घेऊन ती बाळकुमला गेली. मामा ओट्यावर जाळं घेऊन बसलेला, पण सुई चालत नव्हती. मामी जाऊन वर्ष होत आलं होतं. तिने त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "तरी बोललो होतो. शिकलेल्यांना मोठ्यानं सांगाया होवं."

"चुकलं माझं, मामा."

"चुकलीस, पन वेल चुकली नाय तुजी."

मुक्ता त्याच्या मांडीवर चढली. मंजुळाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तू कसा आहेस?"

"मी? मी ठीक हाय."

मंजुळाने मुलीला बाजूला घेतलं, त्याचा हात आपल्या हातात ओढला आणि घड्याळ पाहिलं. तो हसत होता, कुरकुरत होता, "कं करतंय गो", पण हात काढून घेत नव्हता. चार ठोके नीट पडत, पाचवा चुकत होता. तिने मिनिटभर मोजलं, मग आणखी एक मिनिट. दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या. तो घेतो म्हणतो. खरोखर घेतो का, ते डोंबिवलीत बसून कसं कळणार?

म्हणून मंजुळा आता बाळकुमकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, आणि हे वाचणाऱ्या तुम्हालाही तिचं तेच सांगणं आहे. तिकडे गेलात, तर नव्या इमारतींच्या मागे जुन्या कोळ्यांच्या घरांची एक ओळ अजून उरली आहे. ओट्यावर जाळं पडलेलं दिसेल ते दामाजीमामाचं घर. दोन मिनिटं बसा. कसे आहात विचारा. ठीक हाय म्हणाला, तर लगेच उठू नका. त्याचा हात हातात घ्या.